खांडीला दिलेली गाडी

इंजिन सुरू व्हायला तीनच गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. तिन्ही वेळेवर एका जागी आल्या की ते सुरू होतं, त्याला दुसरा इलाज नसतो. माणसाचं तसं नाही. माणसाला सगळं हातात दिलं तरी तो जागचा हलत नाही, आणि याचा दाखला म्हणून मी माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवायचे.

माझं माहेर अष्टमीचं, म्हणजे रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की लगेच. तिथे वडिलांचं गॅरेज होतं. ते गेले तशी गॅरेजची किल्ली माझ्याकडे आली. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, धाटावच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला. लग्न होऊन पेण तालुक्यात, धरमतर खाडीच्या काठच्या गावात गेले, पण नोकरी सोडली नाही. आठवडाभर आईकडे, शनिवारी संध्याकाळी सासरी. गाव मला रविवारची सून म्हणायचं. सासूबाई, गिरजाबाई, तर तोंडावर म्हणायच्या, "आमची सून पावन्यावानी येते नि सायबावानी जाते." त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मीही हसायचे.

मला एवढंच हवं होतं, की निलेशनं रोह्याला यावं. कंपनीत कुठेतरी त्याला चिकटवता आलं असतं. तो कधी नाही म्हणायचा नाही. "येतो ना. यंदाचं बांधाचं काम होऊ दे," एवढंच म्हणायचा. आणि बांधाचं काम कधी होत नसतं. सासरची सगळी शेती समुद्राकडून ओढून घेतलेली. मधे मातीचा बांध, आत भात, बाहेर खाडी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की पाणी बांधाच्या काठोकाठ चढतं, आणि एखादी जागा खचली की तिथून आत घुसतं. त्या भगदाडाला तिथे खांड म्हणतात. म्हणून उधाणाच्या दिवशी घराघरातले पुरुष बांधावर राखणीला उभे. आमच्या घरातून सासरे बाबाजी आणि निलेश. त्या दिवशी मी कंपनीत पंप उघडून बसलेली असले तरी लक्ष घड्याळाकडे असायचं. निलेशवर माझा फार जीव होता. त्या बांधाचा मात्र मला मनापासून राग होता.

सत्त्याण्णव सालच्या माघात ऋत्विक आमच्या घरी आला. मिठागरांचे मालक दिनानाथ शेट कधीच वारले होते, हा त्यांचा मुंबईचा नातू. त्याला त्याच्या आजोबांची गाडी चालू करून हवी होती.

त्या गाडीची हकिकत अशी. निलेश लहान असताना एका उधाणात बांधाला मोठी खांड पडली. माती टाकली, पेंढा टाकला, काही थांबेना. तेव्हा लोकांनी घरातल्या वस्तू आणून टाकल्या. शेटची दोन माणसांची विलायती स्पोर्ट्स गाडी बांधावरच उभी होती. शर्यतीत पळवायची म्हणून त्यांनी ती हौसेनं घेतलेली. ते म्हणाले, ढकला. गाडी खांडीत गेली आणि पाणी थांबलं. वर माती पडली, गवत उगवलं, आणि पंचवीस-सव्वीस वर्षं ती बांधाच्या पोटात राहिली. अलीकडे बाहेरच्या अंगाला नवा दगडी बांध झाला. जुन्याची माती काढताना दिवाळीच्या सुमारास गाडी वर आली, आणि ऋत्विकनं ती मागितली.

आता तिथली रीत अशी आहे, की खांडीला दिलेली वस्तू परत मागायची नाही. देताना ज्याची त्यानं मोठ्यानं सांगून द्यायची, अमक्याचं अमुक, म्हणजे पाण्याला कळतं कोणी काय दिलं. आणि एकदा दिली की पुन्हा तिचा उच्चारही करायचा नाही. शेटची गाडी साऱ्या गावानं वर आलेली पाहिली म्हणून निदान तिच्याबद्दल तरी बोललं जायचं. बांधाच्या बाबतीत गावात बाबाजींचा शब्द चालायचा, त्यांनी ऋत्विकला हो कसं म्हटलं हे मला कोडंच होतं. ते म्हणाले, "नवा बांध हाय. पोरगा शेटचा हाय. काय बोलू मी?"

ऋत्विकनं मुंबईहून माणूस आणून टायर, वायरिंग, ब्रेक सगळं नवं करून घेतलं होतं. रंगही काढला होता, फिकट निळा. फक्त इंजिन सुरू होत नव्हतं, आणि तो माणूस ते न उघडताच हात टेकून निघून गेला. मग कोणीतरी माझं, मृणालीचं, नाव सांगितलं. मला ते काम हवंच होतं. वडिलांच्या गॅरेजमध्ये असली गाडी कधी आली नव्हती.

गाडी मिठागराच्या शेडमध्ये उभी होती. फाल्गुनातल्या रविवारी मी तिथे जायचे. चहूकडे मिठाचे पांढरे ढीग, वर पांढरं आभाळ, मधे ती निळी गाडी. दुपारी जमिनीवरची हवा अशी हलायची की गाडी पाण्यात तरंगतेय असं वाटे. मी इंजिन उघडलं तेव्हा चिखल निघेल म्हणून फडकं घेऊन बसले होते. आत चिखल नव्हता. तेल मधासारखं स्वच्छ होतं. खाडीच्या निळ्या गाळात हवा जात नाही, हवा नाही तर गंज नाही, असं मी स्वतःला समजावलं. ते बरोबरही होतं.

प्लग काढून बॉडीला टेकवले, ठिणगी निळी आणि जोरदार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल तपासलं, ठीक. पॉइंटचा गॅप ठीक, टायमिंग ठीक, चारही सिलिंडरचं कम्प्रेशन सारखं. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. साधा खोकलासुद्धा नाही. पेट्रोल आत जात होतं, ठिणगी पडत होती, आणि दोघांची जणू ओळखच नव्हती.

एकदा मी पुढून हँडल घालून इंजिन हातानं फिरवत होते. बाबाजी बांधावरून येता येता शेडच्या दाराशी थांबले.

"आता नाय फिरायची ती," ते म्हणाले. "भरती लागली."

"बाबा, इंजिनाला भरती-ओहोटी नसते."

ते विडी पेटवून निघून गेले. मी हँडल फिरवलं. मघाशी एका हातानं फिरत होतं ते आता दोन हातांनी, अंगाचा भार टाकून फिरवावं लागलं. दुपारच्या उन्हानं पिस्टन घट्ट झाले, असं मी म्हटलं. पुढच्या रविवारी भर दुपारी ओहोटी होती, ऊन तेवढंच होतं, आणि हँडल नुसत्या बोटांनी फिरलं. संध्याकाळी गार वाऱ्यात, भरती चढल्यावर, ते जागचं हलेना. मी बराच वेळ हँडल हातात धरून बसून राहिले. भीती वाटली नाही. उलट, आपण कधी न शिकलेलं काहीतरी समोर आहे याचा एक प्रकारचा आनंद झाला.

मेकॅनिक लोक लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवतात आणि मूठ कानाला लावतात, म्हणजे आतला आवाज ऐकू येतो. अर्थात इंजिन चालू असेल तर. बंद इंजिनाला कान लावणारा माणूस बंद दुकानाशी घासाघीस करतो असंच म्हणायचं. तरी त्या संध्याकाळी मी कान लावला.

आत पाणी वाजत होतं. बांधाला बाहेरून लागतं तसं, सावकाश. मग चिखलातून पुष्कळ माणसं चालल्याचा आवाज. मग लांबून, वाऱ्यावरून यावं तसं, कोणीतरी ओरडलं. शब्द कळले नाहीत. मी स्क्रू ड्रायव्हर काढला, शेडमध्ये शांतता होती. मिठागरावरची माणसं केव्हाच घरी गेली होती.

आवाज जमिनीतून टायरमधून येत असेल, असा तर्क करून मी ऋत्विकला कळवलं, की गाडी अष्टमीला न्यायची, माझ्या गॅरेजमध्ये. शिमगा झाल्यावर टेम्पो आला. गाडी चढवून निघालो तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. गोदूबाई तेवढी गोणपाटाचा पडदा धरून उभी होती, कारण तिच्या घराला दारच नव्हतं. चौकट होती, दार नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तसंच. गरिबी, असं मी धरून चालले होते. निलेश टेम्पोच्या मागे बांधाच्या टोकापर्यंत चालत आला आणि तिथे थांबला.

अष्टमीला पुलाखाली कुंडलिकेला पाणी चढायचं ते तिच्या वेळेनं. इंजिन मात्र धरमतरच्या वेळेनं जड व्हायचं. सासरच्या भरतीची वेळ मला पाठ होती, त्यामुळे फसायचं कारण नव्हतं. आणि आवाज आता स्पष्ट झाला होता. कंपनीतून सुटले की मी गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढून कान लावून बसायचे. आई चहा ठेवून जायची, तो गार व्हायचा. माणसं एकेक करून ओरडत होती. "नाथाची होडी." मग धप्प आवाज. "गोदूचा दरवाजा." "पोपटचा नांगर." "गिरजेची पेटी." हा आवाज सासूबाईंचा होता, पण तरुण. शेवटी एक जड, शहरी आवाज. "दिनानाथची गाडी." त्यानंतर एक बाई काहीतरी म्हणायची. ते शब्द पाण्यात बुडून जायचे.

त्या आठवड्यात सासरी गेले तर निलेश कमरेपर्यंत चिखलानं माखलेला. जुन्या बांधाच्या जागी झिरप लागली होती. नव्या दगडी बांधाखालून पाणी वाट काढत होतं, बरोबर गाडी जिथे होती तिथून.

"दगडी बांध ना हा?" मी विचारलं.

"दगडाला काय होतंय? खालची माती जाते." तो हसत होता. "मुठीएवढी झिरप हाय. घाबरू नको. पावसाळ्याआधी बुजवतो, मग येतो तुझ्या रोह्याला."

दुपारी गिरजाबाई भाकऱ्या थापत होत्या. मी शेजारी बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तुमची पेटी कशी होती हो? खांडीला दिलेली?"

त्यांचा हात भाकरीवर थांबला.

"कोनी सांगितला तुला?"

"यांनी."

"तो तवा मामाकडं होता. आनि त्याला म्या कदी नाय सांगितला. कोनालाच नाय." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. ती उलटता उलटता म्हणाल्या, "माज्या लग्नाची पेटी. सागवानी. आत शालू होता, तो पन काढला नाय."

"शेटच्या गाडीनंतर कोणी काय दिलं?"

"कोनी नाय. तितंच खांड बुजली." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती गारी परत आन गो. शेटच्या पोराला काय सांगायचं ता सांग. पन आन."

मी हो म्हटलं. आणायचीच होती. पण मला त्या बाईचे शब्द ऐकायचे होते. इतक्या जवळ आल्यावर, काम अर्धं टाकून, ते काय होतं हे न कळता गाडी परत द्यायची, हे माझ्याच्यानं झालं नसतं. पौर्णिमेपर्यंत थांबू असं मी मनाशी ठरवलं, कारण उधाणात आवाज सगळ्यात स्पष्ट येणार होता. हा हिशेब मला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला होता.

चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, मी रजा टाकली. पौर्णिमेची भरती दुपारी भरते. अष्टमीच्या मारुतीच्या देवळातला लाउडस्पीकर नुकताच बंद झाला होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शटरच्या फटीतून उन्हाची एक पट्टी निळ्या बॉनेटवर पडली होती. हँडल सकाळपासून जड होत होत आता दगडासारखं झालं होतं. मी कान लावला.

होडी गेली. दरवाजा गेला. नांगर, पेटी. दिनानाथची गाडी.

मग ती बाई बोलली. आवाज ओळखीचा नव्हता. खाडीकाठचा तर नव्हताच, साधा रोह्याकडचा आवाज, थोडा घोगरा. आपला स्वतःचा आवाज आपल्याला कधीच ओळखीचा वाटत नाही.

"मृणालीचा निलेश."

आणि धप्प आवाज.

उखाणा सोडला तर सासरी मी त्याचं नाव कधी घेतलेलं नव्हतं. गावात मी त्याला अहो म्हणूनच हाक मारायचे.

हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला की पडला, ते आठवत नाही. मी शटर पूर्ण वर केलं, गाडीत बसले आणि सेल्फ मारला. महिनाभर न पेटलेलं इंजिन पेटणार नाही हे मला माहीत होतं. ते पहिल्याच झटक्यात सुरू झालं. इतकं शांत, इतकं गोल, की मला रडू आलं.

भिसे खिंडीच्या रस्त्यानं मी नागोठण्याकडे निघाले. त्या प्रवासाबद्दल मला नीट सांगता येत नाही. खिंडीत बहावा पिवळाधमक फुललेला होता आणि वारा अजिबात नव्हता, तरी त्याच्या पाकळ्या माझ्या मांडीवर पडत होत्या. गिअर मी बदलत होते की ते आपोआप पडत होते, कळत नव्हतं. वाटेत एक एसटी उभी दिसली. तिच्यातली माणसं खिडकीतून माझ्याकडे बघत होती, आणि कोणाच्याच तोंडावर आश्चर्य नव्हतं. नागोठणं कधी मागे पडलं? हायवेवर एकही ट्रक नव्हता. वडखळचा नाकासुद्धा रिकामा. ऊन सगळीकडे सारखं पडलं होतं, झाडांना सावली नव्हती, आणि इतकी भीती पोटात असूनही मला गाढ झोपेत वाटतं तसं सुख वाटत होतं. गाडीला रस्ता माहीत होता.

डांबरी रस्ता संपला आणि बांधावरची पायवाट लागली तेव्हा माणसं दिसली. सगळं गाव तिथे होतं.

मुठीएवढी झिरप आता बैलगाडी जाईल एवढी झाली होती. दगड कडेला पडले होते, आणि मधून तपकिरी पाणी आत शेतात कोसळत होतं. माणसं टोपल्यांनी माती टाकत होती, ती पडायच्या आत वाहून जात होती.

निलेश खांडीत होता. छातीएवढ्या पाण्यात, एक फळी पाठीनं दाबून धरून. त्यानं मला पाहिलं.

लोकांनी मला वाट दिली. जणू मी येणारच होते.

मी गाडी कडेपर्यंत नेली. उतरले. इंजिन चालूच होतं.

"अहो, बाजूला व्हा," मी खुणेनं सांगितलं. हातानं. तोंडानं नाही. तो फळी सोडून बाजूला सरकताना दिसला.

तोंड मी घट्ट मिटून घेतलं होतं. गाडी माझी नव्हती. शेटनी ती आधीच दिलेली होती. माझं म्हणून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि जे होतं ते मला सांगायचं नव्हतं. मला भीती होती की ओठ उघडले तर तेच बाहेर पडेल.

बाबाजींनी मागून हात लावला. मी लावला. गाडी ढकलली.

ती सावकाश गेली. धप्प आवाज झाला. पाण्याखाली गेल्यावरही इंजिनाचा आवाज येत होता, थोडा वेळ, खोल, सारखा.

मग तो थांबला, आणि पाणीही थांबलं.

सगळे मातीच्या टोपल्या घेऊन धावले. निलेश पलीकडच्या कडेनं वर आला. केसांतून चिखल गळत होता, दात तेवढे पांढरे दिसत होते. मी गावादेखत त्याला मिठी मारली. लाजबीज काही वाटली नाही. तो गार होता, पण तेवढा वेळ पाण्यात उभा राहिलेला माणूस गारच असणार.

संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही घरी होतो. ऋत्विकला काय सांगायचं ते मी उद्यावर टाकलं होतं. निलेश अंघोळ करून ओटीवर बसला होता. मी आत गिरजाबाईंना मदत करायला गेले. त्यांनी ताटं वाढली होती. बाबाजींचं, माझं, त्यांचं स्वतःचं. चौथं ताट उचलून त्या उंबऱ्याबाहेर गेल्या, ओटीवर ठेवून आल्या आणि हात धुतले.

"ते बाहेर जेवणार आहेत का?" मी विचारलं.

"दिलेला कदी वर आला, तरी आत घेत नाय गो," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. माझ्यावर राग नव्हता, तेच मला सोसेना.

"आई, मी काही दिलं नाही. मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

"साऱ्या गावान ऐकला. नवऱ्याचा नाव घेऊन वरडलीस."

देवाशपथ सांगते, माझे ओठ मिटलेले होते. मी बाबाजींकडे बघितलं. ते खाली बघत होते. मी माझं ताट उचललं आणि बाहेर जाऊन निलेशच्या शेजारी बसले. तो भात कालवत होता, नेहमीसारखा, घाई न करता.

"आत या ना," मी म्हटलं. "इथे का बसलात?"

"आत उकडतंय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून छान हसला. "बांधाचं काम झालं माझं. आता मोकळा मी. तू म्हणतेस तर रोह्याला पण येऊ."

किती वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. गल्लीतून माणसं बांधावरून परतत होती. प्रत्येक जण माझ्याकडे बघून मान हलवत होता आणि निलेशला वळसा घालावा तसा ओटीपासून लांबून जात होता. त्याला कोणी हाक मारली नाही. गोदूबाई थांबली, बोळकं तोंड पदरानं पुसलं, आणि गेली.

बाबाजी उंबऱ्यात येऊन उभे राहिले. निलेशकडे न बघता, फक्त मला, समजुतीच्या सुरात म्हणाले, "रोह्याला नको नेऊ त्याला. अमावास्येला मोठा उधान हाय. पानी दिलेला न्यायला येल. तवर हितंच राहू दे."

मी त्यांच्यावर ओरडणार होते. त्याआधी माझ्या शेजारून निलेशच म्हणाला, "व्हय," आणि पुढचा घास घेतला.